अक्रोडी दस्ता आणि गाडीचा क्लिअर कोट : रत्नागिरीतल्या एका एअर रायफलचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझं रत्नागिरीत लाकूड पॉलिशचं छोटं वर्कशॉप आहे. देव्हारे, झोपाळे, जुन्या वाड्यांचे दरवाजे, अधूनमधून एखादी पेटी किंवा तबला-डग्ग्याची खोडं, असं काम येतं. बंदुकीचा दस्ता तोवर कधी हातात आला नव्हता.

ऑगस्ट 2024 चा दुसरा आठवडा होता. स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्टला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं होतं आणि जो तो नेमबाजीबद्दल बोलत होता. त्याच दिवसांत ओळखीचे एक बागायतदार त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलगी तीन वर्षं 10 मीटर एअर रायफल खेळते. पुण्याच्या एका सीनियर नेमबाजाकडून घेतलेली तिची रायफल जुनी, पण उत्तम स्थितीतली. हल्ली स्पर्धेच्या रायफलींना बहुतेक ॲल्युमिनियमचा स्टॉक, म्हणजे दस्ता, असतो. हिचा अखंड अक्रोडाचा होता. पूर्वी त्याला फक्त तेल लावलेलं असायचं.

आधी कायद्याचं सांगतो, कारण हे वाचून कोणी घरची बारा बोअर घेऊन निघेल. 4.5 मि.मी. नळीची आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना न लागणाऱ्या वर्गात येते, आणि स्पर्धेच्या रायफली त्याच्या बऱ्याच खाली असतात. परवान्याच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीसुद्धा परवानाधारकाचंच काम आहे. त्यामुळे शेतीसंरक्षणाची बंदूक कुणी माझ्याकडे आणली तर मी हात लावणार नाही. इथेही नळी आणि ॲक्शन, म्हणजे गोळी सोडणारी यंत्रणा, मुलीच्या प्रशिक्षकांनीच काढून स्वतःकडे ठेवली. माझ्याकडे आलं ते फक्त लाकूड.

अडचण

घामाने दस्ता काळवंडत होता म्हणून वडिलांनी जुलैत तो गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या एका गॅरेजमध्ये दिला. "बोनेटसारखा चमकवून दे" एवढंच सांगितलं. पेंटरने जुन्या तेलावर हलका पॉलिश पेपर फिरवला आणि दोन दिवसांत टू-के क्लिअरचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पारदर्शक थराचे, पाच कोट मारले. परत आला तेव्हा दस्ता आरशासारखा होता. घरातल्या सगळ्यांनी त्यात तोंडं पाहिली म्हणे.

तीन आठवड्यांनी तो माझ्या बाकावर होता. मुठीच्या जागेवर पांढुरकं मळभ. गालाच्या जागी बारीक बारीक फोड, काही फुटून टोचणारे. दोन ठिकाणी गोल खळगे, म्हणजे पेंटर ज्याला फिश आय म्हणतात ते. खांद्याकडच्या टोकाला, बट प्लेटच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या पट्टीच्या, कडेने क्लिअर नखाने सोलला जात होता. कांद्याची पात सोलावी तसा, सलग.

मुलीची तक्रार वेगळीच होती. ती म्हणाली, "काका, दिसायचं जाऊ दे. माझा ग्रुप सरकतोय. सकाळी झीरो केलेली रायफल संध्याकाळी डावीकडे मारते." ग्रुप म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका, झीरो करणं म्हणजे गोळी नेमाच्या जागी लागेल असं जुळवणं.

वडिलांना चकाकी परत हवी होती, मुलीला भरवशाची रायफल हवी होती. दोघं एकाच दस्त्याबद्दल बोलत होते, तरी मागणी एक नव्हती. हे तेव्हाच नीट पकडलं असतं तर पुढचा एक वाद वाचला असता.

कारण शोधताना

पहिला संशय पांढऱ्या मळभावर. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या थरावर बसतं. पावसाळ्यात चपडा (लाखेचं पॉलिश) किंवा लॅकर मारणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलंय. टू-के क्लिअरमध्ये आणखी एक भानगड असते. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला क्लिअरमधल्या रेझिनशी जुळायचं असतं, पण पाणी मिळालं की तो पाण्याशीच जुळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. थर आवळत, म्हणजे कडक होत, असताना आत वायू सुटला की फोड येणारच. जुलैच्या रत्नागिरीत, बंद शटरमागे, ओल्या लाकडावर दुसरं काय होणार होतं?

लाकूड किती ओलं? बट प्लेटखालच्या उघड्या तोंडात मीटरच्या सुया टोचल्या, 17 टक्के. हवेत 90 टक्के आर्द्रता सतत राहिली तर लाकूड हळूहळू 20 टक्क्यांच्या आसपास जातं. 60 टक्के आर्द्रतेत ते 11 वर येतं. अक्रोडाचा हिशेब असा, की ओलाव्यात एका टक्क्याचा फरक पडला की रुंदीत साधारण पाव टक्क्याचा फरक पडतो. नळीखालचा भाग 45 मि.मी. रुंद. पावसाळ्यातल्या 17 वरून कोरड्या दिवसांतल्या 10-11 वर येताना तो पाऊण मि.मी.पर्यंत आकसू शकतो. पत्र्यासाठी बनवलेल्या थराला एवढी ये-जा माहीत नसते.

फिश आयचं कारण साधं. लाकडात आधीचं तेल होतंच, त्यात रायफल पुसायला वापरलेला सिलिकॉनचा स्प्रे. सिलिकॉनचा एक थेंबही क्लिअरला मागे ढकलतो.

सोललेल्या टोकाचं मात्र मला वाईट वाटलं. बट प्लेट बसते ते लाकडाचं आडवं कापलेलं तोंड पेंटरने टेप लावून झाकून ठेवलं होतं. गाडीच्या कामात ते बरोबरच आहे, जिथे रंग नको तिथे टेप. पण लाकूड पाणी पितं ते मुख्यतः याच तोंडाने, नळ्यांच्या जुडीसारखं. सगळीकडे पाच कोट आणि नेमकं तोंड उघडं. ओल आत शिरली, थराच्या मागून गेली आणि त्याला बाहेर ढकललं.

आणि सरकणारा ग्रुप? प्रशिक्षकांनी ॲक्शन आणून माझ्यासमोर बसवली. पुढचा स्क्रू सैल करताच नळी दस्त्यापासून उचलली गेली, आवळला की खाली वाकली. ॲक्शन ज्या खोबणीत बसते तिथेही क्लिअर गेला होता, एका बाजूला जास्त. पाच कोटांचा थर सव्वाशे-दीडशे मायक्रॉनचा होतो. आपल्या साध्या छपाईच्या कागदाची जाडी 100 मायक्रॉनच्या जवळपास असते. म्हणजे ॲक्शनच्या एका कुशीखाली कागदाहून जाड पाचर मारून वर स्क्रू आवळल्यासारखं झालं होतं. त्यात दिवसभरात लाकडाचा ओलावा कमीजास्त झाला की स्क्रूचा दाब बदलायचा. मुलीची तक्रार शब्दशः खरी होती.

पेंटरला मी दोष देत नाही. त्याला येत होतं ते त्याने नीट केलं. पत्र्यावर त्याचं काम आजही उत्तम असतं. लाकडाचा आणि पत्र्याचा फरक त्याला कोणी सांगितला नव्हता आणि गिऱ्हाइकाने विचारला नव्हता.

समोर असलेले पर्याय

सगळं उतरवायचं हे उघड होतं. वरून रबिंग करून भागणार नव्हतं, कारण बिघाड थराच्या खाली होता. प्रश्न होता उतरवल्यावर काय लावायचं.

माझा पहिला कल अळशीच्या तेलाकडे होता. मूळ फिनिश तेच, ओरखडा पडला तर बोटाने दुरुस्त होतं. पण तेल पाण्याचे थेंब अडवतं, हवेतली वाफ फारशी अडवत नाही. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात अळशीच्या तेलावर काळी बुरशी धरते, हे मी किती दरवाजांवर पाहिलंय. मुलीचा गाल आणि तळहात रोज दोन-तीन तास त्या लाकडावर असतो.

चपडा वाफ चांगली अडवतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची लाख वर्षानुवर्षं टिकते ती उगाच नाही. पण स्पिरिटने तो विरघळतो, आणि हल्ली प्रत्येक मुलाच्या बॅगेत सॅनिटायझरची बाटली असते. तो पर्याय तिथेच संपला. मेलामाइनचं पॉलिश ठिसूळ, दस्ता कुठे आपटला की कपची उडते.

लाकडाचा टू-के पी.यू. (पॉलियुरेथेन) हा चौथा पर्याय, आणि याबद्दल पुढे पुन्हा बोलायचं आहे. तो गाडीच्या क्लिअरपेक्षा थोडा लवचिक असतो आणि मॅटमध्येही मिळतो.

पाचवा पर्याय गाडीचाच क्लिअर, पण खालची तयारी पूर्ण बदलून. त्याच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. त्यात उन्हापासून वाचवणारी द्रव्यं चांगल्या प्रतीची असतात, गाडी दहा वर्षं उन्हात उभी राहायची असते म्हणून. आणि प्रशिक्षकांच्या स्वतःच्या जुन्या दस्त्यावर गाडीचाच क्लिअर होता, तो बरीच वर्षं टिकलेला मी हातात घेऊन पाहिला. त्यांनी बट प्लेट काढून दाखवली. आतलं तोंडही तितकंच चकचकीत होतं. मला उत्तर तिथे मिळालं.

तरी निर्णयाआधी मी मिरकरवाड्याला एका म्हाताऱ्या होडीच्या सुताराकडे गेलो. लाकडी होड्यांवर फायबर चढवण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलंय. वरून फायबर धडधाकट आणि आत फळी भिजून भुसा झालेली, अशा होड्या त्यांनी फोडून पाहिल्या आहेत. त्यांना दस्ता दाखवला. फार बोलले नाहीत. टोकाच्या उघड्या तोंडावर अंगठा ठेवून म्हणाले, "इरलं घेतलंस, पण पाय पाण्यातच की रे तुझे."

निर्णय

ठरलं ते असं. लाकूड पूर्ण उघडं करायचं, आतलं तेल जमेल तितकं ओढून काढायचं. मग लाकूड सुकवायचं, आधी पातळ इपॉक्सीने सगळ्या बाजूंनी, आतून-बाहेरून बंद करायचं आणि त्यावर गाडीचा क्लिअर. आणि फवारणी पाऊस संपल्यावरच, हवा कोरडी झाल्यावर.

शेवटच्या अटीने घरात वाद झाला. ऑक्टोबरमध्ये मुलीची विभागीय स्पर्धा होती. वडील म्हणाले, "तुम्ही बल्ब लावून सुकवा, आठवड्यात मारून द्या, गणपतीनंतर सरावाला लागू दे." प्रशिक्षक गप्प होते. शेवटी मुलीनेच सांगितलं की ती क्लबच्या रायफलवर खेळेल. क्लबची रायफल तिच्या मापाची नव्हती. सरावात 606 गुणांच्या आसपास असणारी मुलगी त्या स्पर्धेत 598 वर आली आणि पुढच्या फेरीत गेली नाही. या निर्णयाची किंमत तिने मोजली, मी नाही. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो, पण तो मी तिच्या वतीने सहज घेऊन टाकला नाही याचं समाधान आहे.

काम

जुना क्लिअर उतरवायला पेंटरने हीट गन सुचवली. मी नको म्हटलं. टू-के थर तापवून जाळला की त्यातून आयसोसायनेट पुन्हा सुटू शकतो, आणि अक्रोड करपतो ते वेगळंच. स्टीलच्या पातळ पट्टीची स्क्रॅपर धार लावून हाताने खरवडलं, मग 120, 180, 240 चा पॉलिश पेपर. तोंडावर मास्क बांधून आणि पंखा बाहेरच्या दिशेने लावून. चार दिवस गेले. मुठीवरची जाळी, म्हणजे पकड घट्ट राहावी म्हणून कोरलेल्या बारीक चौकटी, क्लिअरने भरून गुळगुळीत झाली होती. ती दाभणाने एकेक रेघ करत मोकळी केली. या कामाला कुठलाही शॉर्टकट मला सापडला नाही.

तेल काढायला खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून दस्त्यावर जाड लेप दिला. ॲसिटोन उडताना आतलं तेल ओढून आणतं आणि पूड ते पिते. पहिला लेप सुकल्यावर चहाच्या रंगाचा झाला, दुसरा फिका, तिसरा जवळजवळ पांढरा. तेव्हा थांबलो.

मग सुकवणं. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. जुन्या लाकडी कपाटात खाली 60 वॅटचा पिवळा बल्ब, वर दस्ता सुतळीने टांगलेला, दाराला दोन बोटांची फट. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. सुरुवातीला 1,180 ग्रॅम. सहा आठवड्यांनी 1,130, मीटरवर 12 टक्के.

इथे माझ्या डोक्यात एक प्रश्न बराच घोळला. आणखी सुकवायचं का? एसी असलेल्या घरातल्या फर्निचरला 8-9 टक्के बरे. पण हा दस्ता राहणार रत्नागिरीत. अगदी कोरडा करून बंद केला तर पहिल्याच पावसाळ्यात तो फुगायला बघेल आणि थराला आतून ताण देईल. वर्षभराच्या सरासरीच्या जवळ, पण कोरड्या बाजूला थोडा झुकलेला, असा 12 चा आकडा धरला. हा अंदाज होता, शास्त्र नव्हे, पण पुढे तो खरा ठरला.

सुकल्यावर ओल्या फडक्याने एकदा पुसून उभे राहिलेले तंतू 320 च्या पेपरने काढले. जिथे दाबल्याचे खड्डे होते तिथे ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री टेकवली. वाफेने लाकूड वर येतं. त्या जागा पुन्हा दोन दिवस कपाटात.

इपॉक्सी नोव्हेंबरच्या मध्यात. पातळ, हळू आवळणारा. तोंडाच्या बाजूला तीनदा, पिणं थांबेपर्यंत. खोबणीत, स्क्रूच्या भोकांत, बट प्लेटखाली सगळीकडे ब्रशने, आणि जादा लगेच पुसून, म्हणजे खोबणीत जाडी वाढणार नाही. ॲक्शन टेकते त्या दोन पृष्ठांवर इपॉक्सी आवळल्यावर प्रशिक्षकांनी ॲक्शन काजळी लावून बसवली. जिथे काळा डाग उमटला तिथे मी खरवडलं. स्क्रू सैल-घट्ट करून नळी हलेनाशी झाली तेव्हाच पुढे गेलो. मुठीच्या जाळीत इपॉक्सी टूथब्रशने घासून आत घातला आणि कोरड्या ब्रशने बाहेर काढला.

किनाऱ्यावर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगतो. दमट हवेत इपॉक्सी आवळताना त्याच्या पृष्ठावर मेणासारखा चिकट पडदा येतो. दिसत नाही, हाताला लागतो. त्यावर थेट पॉलिश पेपर मारला तर तो पडदा चोळून आत बसतो आणि वरचा क्लिअर धरत नाही. आधी साध्या पाण्याने, स्क्रबरने घासून धुवायचं, कोरडं पुसायचं, मग 320. थिनरने पुसून हे जात नाही.

फवारणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या मध्ये. त्याच पेंटरकडे. मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो, कारण त्याचा हात चांगला आहे आणि बिघाड कुठे झाला हे त्याला दाखवायचं होतं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "भाऊ, मला वाटलं क्लिअर खराब निघाला."

तिथे मला बिघडलेल्या दस्त्यापेक्षा मोठी गोष्ट दिसली. त्याचा हेल्पर, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, तोंडाला रुमाल बांधून हार्डनर मिसळत होता. पेंटर स्वतः म्हणाला की फवारणीच्या दिवशी रात्री छाती भरते. या हार्डनरच्या तुषारांनी दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने तो धरला की मग अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. तो पुन्हा सुटत नाही. वासावरून काही कळत नाही, कारण वास येतो तो थिनरचा. रुमाल किंवा साधा कापडी मास्क इथे काहीच कामाचा नाही. खरं तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा. तो आमच्याकडे नव्हता आणि गॅरेजचा कॉम्प्रेसर श्वासाच्या हवेचा नव्हता. मी सेंद्रिय वाफेच्या काडतुसांचे दोन हाफ मास्क, पुढच्या धुळीच्या गाळण्या, बंद चष्मे आणि नायट्राइलचे हातमोजे घेऊन गेलो होतो. हेल्परला बाहेर ठेवलं. दोन्ही बाजूंची शटरं उघडी आणि मागे पंखा. काम छोटं होतं म्हणून निभावलं. ते पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही.

पेंटरला सवयीप्रमाणे शेवटी 60 अंशांवर बेक करायचं होतं. लाकडाला ते चालत नाही. नसांतली हवा तापून फुगते आणि मऊ थरातून बुडबुडे काढते. नको म्हटलं. डब्यावरच्या प्रमाणात 2 भाग क्लिअर, 1 भाग हार्डनर, थोडा हळू उडणारा थिनर. पहिला कोट अगदी हलका, पंधरा मिनिटं थांबून दुसरा, पुन्हा थांबून तिसरा. पाच नाही, तीनच. या वेळी खोबण टेपने झाकलेली आणि बट प्लेटखालचं तोंड उघडं, म्हणजे जुलैच्या नेमकं उलट.

आठ दिवसांनी 1000 आणि 1500 चा वॉटर पेपर. इथे दुसरा वाद. वडिलांना 2000 लावून कंपाउंडने बफिंग हवं होतं. मुलीला नको होतं. रेंजच्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्याखाली चमकतं आणि चकचकीत थरावर घामेजला गाल चिकटतो. गाल सरकताना चिकटला की नेम हलतो. मी तिच्या बाजूने उभा राहिलो. वडिलांसाठी नळीखालच्या भागाची बाहेरची बाजू बफ करून दिली. तीन आठवडे दस्ता उघड्या शेल्फवर ठेवला, फोमच्या पेटीत नाही. क्लिअर हाताला कोरडा लागला तरी आतून थिनर सुटत असतो, आणि फोमची जाळी त्यावर कायमची उमटते.

काय झालं

जानेवारी 2025 मध्ये रायफल जोडली. तयार दस्त्याचं वजन 1,168 ग्रॅम. मी त्याच अक्रोडाच्या जातीचा, काहीही न लावलेला 200 ग्रॅमचा एक तुकडा मुलीला दिला आणि रायफलच्या शेजारीच ठेवायला सांगितलं.

पावसाळा गेला. ऑगस्टअखेर तुकडा 210 ग्रॅम झाला होता, म्हणजे 5 टक्के वाढ. दस्ता 1,184, दीड टक्क्याच्या आत. मळभ नाही, फोड नाहीत. सकाळ-संध्याकाळचा झीरो धरून राहिला. मुलीच्या गुणांबद्दल मी काही दावा करत नाही, ती मेहनत तिची आणि तिच्या सरांची आहे. पण "रायफल डावीकडे मारते" हे वाक्य पुन्हा ऐकलं नाही.

एक डाग मात्र आला. जुलैत बट प्लेटच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. मार्चमध्ये मुलीची उंची वाढली म्हणून प्रशिक्षकांनी बट प्लेट खाली सरकवली होती आणि त्यासाठी एक नवं भोक पाडलं होतं. त्या भोकातलं लाकूड उघडं राहिलं. तीन मि.मी.चं भोक, आणि ओलीने तेवढ्यातून वाट काढली. बल्बच्या कपाटात दहा दिवस ठेवून टूथपिकने भोकात इपॉक्सी भरला. ठिपका वाढला नाही, पण गेलाही नाही. तो घालवायचा तर अख्खं टोक घासून पुन्हा क्लिअर मारायला हवा. टू-के थर मध्येच जोडला तर जोडाची रेघ दिसते. मुलगी म्हणाली राहू दे.

आज वेगळं काय केलं असतं

आज हेच काम आलं तर मी लाकडाचा मॅट पी.यू. निवडेन, खालची इपॉक्सीची तयारी हीच ठेवून. गाडीच्या क्लिअरची चकाकी आम्ही शेवटी घासून काढलीच. मग ती घेण्यात अर्थ काय होता? उन्हाचा मुद्दाही इनडोअर रेंजवर फारसा उरत नाही. वडिलांच्या इच्छेला आणि प्रशिक्षकांच्या टिकलेल्या दस्त्याला मी जास्त वजन दिलं. दस्ता टिकला होता तो वरच्या क्लिअरमुळे नव्हे, सगळ्या बाजूंनी बंद असल्यामुळे. हे मला दिसलं होतं, तरी निष्कर्ष मी अर्धाच काढला.

हार्डनर मात्र पी.यू.लाही आयसोसायनेटचाच असतो, म्हणून मास्कचा प्रश्न सुटत नाही. एवढ्या छोट्या वस्तूला फवारणीच हवी असं नाही. चांगल्या ब्रशने चार पातळ हात देऊन, घासून मॅट केलं असतं तर तुषार हवेत गेलेच नसते. जास्त वेळ लागला असता, एवढंच. पेंटरने नंतर स्वतःसाठी आणि हेल्परसाठी काडतुसांचे मास्क घेतले. काडतुसं वेळेवर बदलतो का, हे मी गेलो की विचारतो.

आणि पहिल्या दिवशीच वडील आणि मुलगी दोघांना समोरासमोर बसवून विचारायला हवं होतं की दस्ता कशासाठी हवाय, बघायला की खेळायला. ते विचारलं असतं तर बफिंगचा वाद झालाच नसता.

नव्या भोकाबद्दल सांगायचं राहिलं ही माझी चूक. काम देताना मी मुलीला साबण-पाणी, पेटी, ऊन सगळं सांगितलं, पण "यात पुन्हा ड्रिल लावाल तर आधी माझ्याकडे आणा" हे नाही सांगितलं. वाढत्या वयाच्या मुलीची बट प्लेट हलणार, हे मला सुचायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात ती परत आली. बट प्लेट आणखी पाच मि.मी. खाली हवी होती. या वेळी प्रशिक्षकांनी ड्रिल न लावता भोकाची जागा कागदावर आखून पाठवली होती. मी भोक पाडलं, काडीने इपॉक्सी आत फिरवला आणि दस्ता कपाटात टांगला. स्क्रू उद्या सकाळी.